तलाठ्याची तिसरी हजेरी

तलाठी हा कुत्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे त्याच्या पोटावर दिवसातून तीनदा दाब देऊन लघवी काढावी लागे असं वाचलं, की महसूल खात्यातली मंडळी उगाच चिडायची.

नाव ठेवलं होतं सागर शेट्यांनी. 'शेटे मंडप डेकोरेटर्स'चे ते मालक. तालुक्याच्या गावात बस स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं लांबलचक गोदाम होतं. त्यात खुर्च्यांच्या चवडी, सतरंज्या, झालरी, लोखंडी खांब आणि नवरा-नवरीची दोन सिंहासनं, त्यातल्या एकाचा सिंह नाकात तुटलेला. एका पावसाळ्यात हे पिल्लू गोदामात शिरलं आणि राहिलं. हाक मारली की जागेवर कधी नसायचं, आणि पंगत बसली की पहिल्या पानाशी हजर. "अरे, हा तर आपला तलाठी!" असं शेटे म्हणाले आणि नाव चिकटलं.

तलाठ्याच्या नाकाबद्दल गावात जे सांगतात ते निम्मं धरलं तरी पुष्कळ होतं. अकरा किलोमीटरवरच्या लग्नातली बुंदी त्याला इथे बसून कळायची. एकदा मंडपाचा टेम्पो रस्ता चुकला, तेव्हा हा पुढे पळाला आणि टेम्पोला थेट वरपक्षाच्या दारात नेऊन उभं केलं. घर चुकीचं होतं, पण लग्न तिथेही होतं. असा हा प्राणी. आणि ऐन लग्नसराईत, फेब्रुवारीत, मांडव उतरवताना सोळा फुटी लोखंडी खांब निसटला तो याच्या कमरेवर.

त्या दिवसापासून तलाठी जागेवर सापडू लागला.

कंबरेच्या मागचं अंग लुळं पडलं. शेट्यांना वाटलं, आठ दिवसांत त्याचं आटपेल. पण त्यांच्या मुलीला, गोदावरीला, तसं वाटलं नाही. त्या काळात जुनी नावं पुन्हा फॅशनमध्ये आली होती. तिच्या सहावीच्या वर्गात दोन भागीरथ्या आणि एक सोनूबाई होती. गोदावरीला घरात गोदू म्हणत. अकरा वर्षांची, काटकुळी, बोलायला लागली की थांबायची नाही. डॉक्टरांकडून ती सगळं शिकून आली. जनावर दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, नाहीतर कातडी सडते. लघवी आपली आपण होत नाही. तळहाताने पोटाखाली संत्र्याएवढा फुगा शोधायचा, जनावर श्वास सोडेल तेव्हा हलकेच दाबायचं, आणि धार थांबेपर्यंत हात काढायचा नाही. हे काम सकाळी, शाळेतून आल्यावर आणि निजण्याआधी. पहिल्या दिवशी तिला ओकारी झाली. तिसऱ्या दिवसापासून ती दाबता दाबता तलाठ्याला वर्गातल्या भानगडी सांगू लागली.

गोदामात झालरी शिवायला इस्माईलचाचा बसत. पायमशीनवर त्यांची पन्नास वर्षं गेली होती. खाटेच्या जुन्या पाइपांची आणि बाबागाडीच्या दोन चाकांची त्यांनी तलाठ्याला गाडी करून दिली, वर लाल मखमलीचा पट्टा.

"चाचा, मखमल कशाला?"

"अगं बेटी, सरकारी माणूस आहे. साध्या कापडात कसा फिरेल?"

गोदू शाळेत असताना तलाठ्याची कूस बदलायचं काम चाचांकडे होतं. असं चार महिने चाललं. तलाठी पुढच्या दोन पायांवर गोदाम पालथं घालू लागला, त्याच्या अंगावर एक जखम नव्हती. जूनमध्ये त्याच्या गळ्यात कळपट्टा आला.

*

कागदोपत्री त्याचं नाव 'वेदनामापक ग्रीवापट्ट' होतं. असलं नाव कोण घेणार? लोक कळपट्टा म्हणू लागले. मुक्या जनावराला किती दुखतंय हे माणसाने आजवर अंदाजानेच ठरवलेलं. एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो अंदाज संपवला. मानेतून एक जाड नस जाते, ती काळजाची, पोटाची, आतड्याची खबर मेंदूला पोचवते. पट्टा तिची थरथर ऐकतो. कवटीच्या कातडीखाली तांदळाएवढा एक कण बसवतात, तो मेंदूत कळेची जागा किती पेटलीय ते पाहतो. दोन्ही जुळवून पट्ट्याच्या काचेवर आकडा येतो, शून्य ते दहा.

या आकड्याने भलं फार झालं, हे खोटं नाही. वरातीत नाचवायच्या घोड्या सुटल्या, कारण बँड वाजला की त्यांचा आकडा आठच्या खाली येत नसे. आजारी बैलांना नांगराला जुंपणारे तुरुंगात गेले. मग कायदा झाला. कायमच्या अधू जनावराला पट्टा सक्तीचा. महिन्याच्या अंतराने तीन हजेऱ्या. हजेरीला जनावर दवाखान्यात तासभर ठेवायचं आणि सांभाळणाऱ्याने बाहेर बसायचं, कारण आपलं माणूस समोर असलं की जनावर दुखणं दडवतं. तिन्ही हजेऱ्यांत त्या तासाची सरासरी सहाच्या वर गेली, तर जनावराला आणखी सोसायला लावायचं नाही. एक सुई. त्याला 'मुक्ती' म्हणत. तीनपैकी एक जरी सहाच्या आत आली, तर जनावर जगेल आणि पुढे सहा महिन्यांनी एकेक हजेरी.

गोदू निर्धास्त होती. तिने तलाठ्याला आंघोळ घातली, मखमलीचा पट्टा धुतला, आणि जुलैत पहिल्या हजेरीला घेऊन गेली. तासाभराने कानगुडे मॅडमनी, म्हणजे तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, आत बोलावलं.

"सहा पूर्णांक आठ."

शेटे उभेच राहिले. "कसं काय? कुठे खरचटलेलंही नाही त्याला!"

"तेच मी बघतेय." मॅडमनी पट्ट्यात साठलेला महिन्याचा आलेख पडद्यावर काढला. रोज सकाळी साडेदहाला रेघ डोंगरासारखी चढत होती आणि संध्याकाळी पाचला धाडकन खाली येत होती. मग सपाट. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर. "रविवारी मात्र काहीच नाही. गोदावरी, साडेदहाला काय असतं?"

"शाळा."

मॅडम उठल्या. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर आल्या. "हे बघ, दारात बोट चेमटलं की मेंदूत एक दिवा लागतो. दुखलं, असं तो सांगतो. आता आपलं माणूस उठून निघून गेलं, तर कुठला दिवा लागेल?"

"दुसरा."

"नाही गं. तोच. निसर्गाने काटकसर केलीय, दोन दुखण्यांना एकच दिवा. पट्टा फक्त दिवा बघतो. कशाने लागला, ते त्याला कळत नाही."

"म्हणजे त्याला माझी आठवण येते?"

"येते."

"रोज?"

"साडेदहा ते पाच."

गोदू हसली. अगदी दात दिसेपर्यंत. मग तिचं लक्ष पप्पांच्या तोंडाकडे गेलं आणि हसू तिथेच राहिलं, पुसायचं कसं ते तिला कळेना. त्या हसण्याबद्दल तिने स्वतःला पुष्कळ दिवस माफ केलं नाही.

"मॅडम," शेटे आवाज उतरवून म्हणाले, "काही चहापाण्याचं..."

"यंत्र चहा पीत नाही, शेटे. आकडा इथून थेट जिल्ह्याला जातो. मी अर्ज करते वरती. बघू."

"गुंगीचं औषध?"

"त्याचाही पट्ट्याला पत्ता लागतो. मग हजेरी बाद, आणि बाद हजेरी सहाच्या वरचीच धरतात."

अर्जाचं उत्तर आठवड्यात आलं. 'वेदनेची जात विचारली जाणार नाही.' एवढंच वाक्य. कानगुडे मॅडमना ते ओळखीचं होतं. हा कायदा व्हावा म्हणून निघालेल्या मोर्चात त्यांनी स्वतः याच वाक्याचा फलक धरला होता.

*

मग उपाय सुरू झाले. गोदूला ताप आला. म्हणजे तिने तो आणला. कांदा काखेत धरून ताप येतो म्हणतात, तिला तर नुसतं ठरवूनच आला. आठ दिवस ती गोदामात तलाठ्याच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिली. आकडा दोनवर. पण ती आंघोळीला उठली की सात. पाणी प्यायला गेली की साडेपाच. जितकी जास्त जवळ बसली, तितकं तिचं चार पावलं जाणंही त्याला जड होऊ लागलं.

"उठ आता," तिची मम्मी, स्नेहल, दारात उभी राहून म्हणाली. "अंगात ताप नाही न काही नाही. उद्या शाळेत गेली नाहीस तर बाई घरी येतील."

"मम्मी, मी गेले की तो मरतो."

"मरत नाही, वाट बघतो."

"आता ते एकच आहे."

स्नेहल आत आली. ती चवड्यांवर बसली आणि तलाठ्याच्या कानामागे खाजवू लागली.

पुढचा उपाय म्हणजे गोदूचा शाळेचा फ्रॉक त्याच्या उशाशी ठेवणं. तीन दिवस चालला. मग तिचा आवाज फोनवर भरून दुपारी लावला. तलाठ्याने मान उचलली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गाडीसकट गोदामभर हिंडून प्रत्येक सतरंजीखाली नाक घातलं. आकडा नऊ. चाचांनी फोन बंद केला आणि स्वतः बारीक आवाज काढून पाहिला, "तलाठी, मी गोदू, मी गोदू." तलाठ्याने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की चाचा पुढे अर्धा तास मशीनवर खाली मान घालून बसले.

तरी ऑगस्टपर्यंत थोडा फरक पडला होता. शाळेच्या वेळेत आकडा साडेसहापर्यंत उतरायचा, कधी सहाच्या आत. दुसरी हजेरी निभावेल असं मॅडमनाही वाटत होतं.

हजेरीच्या सकाळी सगळे टेम्पोत बसले. तलाठी गोदूच्या मांडीवर. एवढ्यात स्नेहल घरातून धावत आली, हातात वाटी. घरातलं माणूस परीक्षेला निघालं की हातावर दही-साखर ठेवायची, ही तिच्या आईची रीत, तिच्या आजीची रीत. आज परीक्षा तलाठ्याची होती. तिने बोटाने दही-साखर त्याच्या जिभेवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पास होऊन ये रे बाबा."

तलाठ्याने दही गिळलं. मग तो थरथरायला लागला. पट्ट्यावर चार होतं, सहा झालं, टेम्पो स्टँड ओलांडेपर्यंत आठ.

"काय झालं? काय दिलंस तू त्याला?" शेटे ओरडले.

स्नेहल मागे राहिली होती. गोदूला मात्र कळलं. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या पेपरला मम्मीने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती, तेव्हा तिने अर्धी चाटून अर्धी तलाठ्याला दिली होती. पेपर चांगला गेला. म्हणून मग ती रोजच देऊ लागली. शाळेला निघताना बोटभर दही त्याच्या तोंडात, आणि मग दप्तर पाठीला. तलाठ्याच्या लेखी दह्याचा अर्थ ठरून गेला होता. दही आलं की गोदू गेली.

दुसरी हजेरी आठ पूर्णांक एक.

घरी आल्यावर स्नेहलने ती वाटी घासली. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा घासायला घेतली तेव्हा शेट्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"माझ्या हातानं झालं, अहो."

"तुला काय माहीत होतं?"

"चांगलं व्हावं म्हणून दिलं हो मी."

"ते मला सांगतेस होय?" शेटे म्हणाले आणि वाटी फडताळात अगदी मागे ठेवून दिली.

*

दोन दिवसांनी गोदू एकटीच दवाखान्यात गेली. कानगुडे मॅडम एका शेळीचा खूर कापत होत्या.

"मॅडम, तो मला विसरला तर?"

"कुत्र्याला विसरायला फार दिवस लागतात. महिन्यात नाही व्हायचं."

"मी गेलेच नाही त्याच्यासमोर, तर?"

"वाट बघेल. मग तर दिवसरात्र बघेल."

शेळी ओरडली. गोदूने तिचे कान धरून ठेवले, मॅडमनी खूर पुरा केला.

"आणि मी त्याला नकोशी झाले तर?"

मॅडमच्या हातातला चाकू थांबला. खिडकीबाहेर कोणीतरी म्हैस उतरवत होतं, त्याचा आरडाओरडा चालला होता. "असं करू नकोस, असं मी म्हणायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

"म्हणताय का?"

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. नेहमी त्या रुमालाने पुसत. "मारायचं नाही," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवायचं नाही. आणि त्या कपाटात रबरी हातमोज्यांची पेटी आहे. घेऊन जा."

गोदूने डोक्यात सगळं मांडून ठेवलं होतं. तलाठ्याच्या दिवसात जी जी चांगली गोष्ट होती ती चाचांकडे गेली. भाकरी चाचांनी द्यायची, कानामागे चाचांनी खाजवायचं, उन्हात चाचांनी न्यायचं, गाडीवर फेरी चाचांनी मारायची. आणि जे जे तलाठ्याला आवडत नव्हतं ते गोदूकडे. पोट दाबणं, नखं कापणं, कडू औषध घशात ओतणं, मागचं अंग स्पिरिटने पुसणं. हातात मोजे, तोंडाला फडकं, अंगाला स्पिरिटचा वास. बोलायचं नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही. काम झालं की उठायचं.

"हे काय आरंभलंस गोदूबेटी?" चाचा म्हणाले. "मला नाही जमायचं हे. त्याचा जीव तुझ्यावर, आणि मी मधे येऊन भाकरी घालू?"

"चाचा, तुम्ही नाही घातलीत तर तो सुईने जाईल."

"मग तू येऊच नकोस ना बाई. सगळं मीच करतो. दाबायचंही शिकव मला."

"नाही आले तर वाट बघतो. मी आले की त्याला वाटलं पाहिजे, ही कशाला आली."

चाचांनी मशीनच्या चाकाला हात लावला, पुन्हा काढला. "अल्ला तुला माफ करो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मलाही."

पहिल्या आठवड्यात तलाठ्याला कळेना. ती दारात आली की तो पुढच्या पायांवर अंग उचलून घ्यायचा, मान वाकडी करायचा, तोंडावरच्या फडक्याला नाक लावायचा. गोदू मान फिरवून पोट दाबायची. दुसऱ्या आठवड्यात तो उठेनासा झाला, नुसता बघायचा. शाळेच्या वेळेतला आकडा सात, मग साडेसहा, मग सहाच्या खाली. चाचा दर तासाला भिंतीवर खडूने आकडा लिहीत. गोदू आली की आधी भिंत वाचायची, मग मोजे चढवायची.

घरात मात्र ती कुणाशी बोलेनाशी झाली. "दगड झालीस का गं?" एकदा स्नेहल कळवळून म्हणाली. "ये इकडे, डोक्याला तेल लावते. ये ना माझ्या सोन्या."

"मम्मी, तू माझ्याशी गोड बोलू नकोस. थोडे दिवस."

"का गं?"

"मला रडू येतं. मग त्याला वास येतो, आणि तो चाटायला येतो."

स्नेहलने तेलाची बाटली परत ठेवली. त्या दिवसापासून ती मुलीशी कामापुरतं बोलू लागली. जेव, ऊठ, दप्तर घे. पाठ वळली की मात्र तिच्याकडे बघत उभी राहायची.

गणपती आले. शेटे मांडवांच्या कामात बुडाले, गोदाम निम्मं रिकामं झालं. प्रतिष्ठापनेच्या दिवशी संध्याकाळी गोदू आत आली तेव्हा चाचा चहाला गेले होते. बाहेर कुठेतरी ढोल सुरू झाला. तलाठी ढोलाला पहिल्यापासून भ्यायचा. तो कुशीवर होता, गाडी नव्हती. पुढच्या पायांनी ओढत ओढत तो सतरंजीवरून खाली आला, फरशीवरून आला, आणि गोदूच्या पावलांवर त्याने डोकं ठेवलं.

तिने एक मोजा काढला. फक्त उजव्या हाताचा. कान मऊ होते, एकाची कड फाटकी होती, तिथे ती नेहमी बोट फिरवायची. "घाबरू नकोस रे तलाठ्या," ती म्हणाली. तेवढंच. मग उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर चाचांनी लिहिलं, सात पूर्णांक दोन. खाली यायला पाच दिवस लागले. एक मिनिट, आणि पाच दिवस. हजेरीला तेरा उरले होते. पुन्हा तिने मोजा काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात भिंतीवरच्या आकड्यांचा आलेख उलटा झाला. चाचांच्याच आधी लक्षात आलं, पण त्यांनी सांगितलं नाही. सकाळी गोदू दारात दिसली की रेघ चढायची, पाचपर्यंत, सहापर्यंत. ती शाळेला गेली की उतरायची आणि दिवसभर सपाट. जो डोंगर होता तो दरी झाला. गोदूने तो आलेख स्वतः पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दप्तर पाठीला लावलं आणि वेळेच्या आधीच निघाली.

*

तिसऱ्या हजेरीला तलाठी चाचांच्या मांडीवर बसून गेला. स्नेहल टेम्पोपाशी आली नाही, खिडकीतून बघत राहिली. आत तलाठ्याला ठेवून सगळे बाहेर बाकावर बसले. गोदू रस्त्यापलीकडे, चिंचेखाली उभी राहिली. वारा दवाखान्याकडून तिच्याकडे येत होता, तिचा वास आत जाणार नव्हता.

तासाने मॅडमनी दार उघडलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"तीन पूर्णांक चार."

शेट्यांनी चाचांना मिठी मारली, मग लाज वाटून सोडली. मग त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला. गोदू आली. मॅडम पडद्यावरचा महिन्याचा आलेख बघत होत्या. त्यांनी तो मागे नेला, पुढे आणला. गणपतीच्या दिवसाचा तो सुळका आला तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. कागदावर सही केली, शिक्का मारला.

"आता मी त्याला जवळ घेऊ?" गोदूने विचारलं.

मॅडम शिक्क्याच्या डबीचं झाकण लावत होत्या. ते लागत नव्हतं. "सहा महिन्यांनी पुन्हा हजेरी आहे, गोदावरी."

"आणि मग?"

"मग दर सहा महिन्यांनी."

"किती वर्षं?"

"जगेल तितकी. तुझ्यासारखं कुणी सांभाळलं, तर सात. आठ सुद्धा."

गोदूने अकराच्या पुढे बोटांवर आठ मोजले. एकोणीस, असं ती पुटपुटली. शेट्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

संध्याकाळी स्नेहल एकटीच दवाखान्यात येऊन गेली. डोक्यावर पदर, जसं काही चोरी करायला आलीय. "मॅडम, तो पट्टा... पोरीला लावून बघता येतो का? म्हणजे, किती आहे ते तरी कळेल."

"माणसांचा अजून यायचाय. पुढच्या वर्षी येईल म्हणतात."

"आला की सांगाल?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "ताई, आकडा कळला, तर तुम्ही काय कराल?"

स्नेहलने पदर पुढे ओढला आणि ती निघून गेली.

त्याच वेळी गोदामात साडेपाच वाजले होते. लघवीची वेळ. गोदूने दाराशी मोजे चढवले, फडकं बांधलं, हातांना स्पिरिट लावलं. चाचा मशीनवर पिवळी झालर शिवत होते, तलाठी त्यांच्या पायाशी पेंगत होता. गोदूचं पाऊल वाजलं, तसे त्याचे कान मागे चिकटले. पुढच्या पायांनी ओढत तो मशीनच्या खाली, अगदी भिंतीला टेकेपर्यंत गेला. पट्ट्यावर सहा.

"आज तरी मला करू दे बेटी," चाचा म्हणाले.

"नाही चाचा."

तिने त्याला बाहेर ओढलं, कुशीवर केलं, तळहाताने फुगा शोधला. त्याचा श्वास सुटेपर्यंत थांबली, मग दाबलं. धार आली, बारीक झाली, थांबली. तिने अंग पुसलं, फडकं बादलीत टाकलं आणि मागे न बघता दारापर्यंत गेली. उंबऱ्याबाहेर चपला घालायला ती वाकली, तेव्हा मात्र तिने आत पाहिलं. पट्ट्याची काच तिथून दिसत होती.

पाच.

चाचांनी तलाठ्याला पायाशी ओढून घेतलं आणि एक हात त्याच्या कानावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मशीन चालू झालं.

चार.

तलाठ्याने त्यांच्या पावलांवर डोकं टाकलं.

तीन.

गोदू तिथेच थांबली. आकडा तिथून हलेना. मग तिने चपला हातात घेतल्या, आवाज नको म्हणून, आणि अनवाणी आणखी चार पावलं मागे सरली.

दोन.